कॉमनराव, तुमचा पत्ता नक्की कोणता?

श्री. रा. रा. कॉमनराव यांस,
सा. न. वि. वि.

पत्र खुलं ठेवलं, कारण पाकिटावर तुमचा पत्ता काय घालावा तेच ठरेना. लोअर परळच्या ज्या कंपाउंडात एकेकाळी साचे खडखडत, तिथे काचेआड आता आमचे लॅपटॉप चालतात आणि त्यातल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तुमचा, म्हणजे आमच्या सामाईक कोडचा, मुक्काम असतो. पेमेंटवाल्यांच्या रिपॉझिटरीत तुम्ही ‘कॉमन’, रिपोर्टवाल्यांकडे ‘कॉमन_न्यू’ आणि मोबाइल ॲपमध्ये ‘कॉमन_फायनल_वापरू_नये’. वापरात अर्थातच हा तिसरा. रुपयांची रक्कम छापण्याचं तुमचं साधं फंक्शन एकीकडे 1,00,000 लिहितं, दुसरीकडे 100,000, आणि तिसरीकडे पैसे गिळून टाकतं. ग्राहकाने एकाच बिलाचे तीन अवतार पाहून फोन केला, तेव्हा मीटिंगमध्ये ठरलं, की कॉमनरावांना कायमचं घर द्यायचं.

घर मिळालं ते गिट सबमॉड्यूलचं. व्यवस्था कागदावर देखणी आहे. तुमचा कोड त्याच्या स्वतंत्र रिपॉझिटरीत राहणार आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये फक्त तुमच्या एका विशिष्ट कमिटचा चाळीस अक्षरी क्रमांक नोंदलेला असणार. म्हणजे आम्हाला कोणते कॉमनराव हवेत, याबद्दल संशयच नको! मग नवीन रुजू झालेल्या मुलाने प्रोजेक्ट क्लोन केला आणि तुमचा फोल्डर उघडला. आत शुकशुकाट. अर्धा दिवस तो स्वतःच्या लॅपटॉपला दोष देत बसला. ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’ला ‘इनिट’ जोडून चालवायचं असतं, हे त्याला सांगायचं सगळ्यांच्याच मनात होतं.

त्याहून बहारीचा प्रसंग पुढचा. एका ज्येष्ठांनी तुमच्यात दुरुस्ती केली, मुख्य प्रोजेक्टमध्ये नवा क्रमांक नोंदवला, पुश केला. फक्त तुमच्या रिपॉझिटरीतली ती दुरुस्ती पुश करायची राहिली. आम्हा सगळ्यांच्या हाती असा क्रमांक आला, ज्याचा कोड जगात एकाच लॅपटॉपवर होता, आणि तो लॅपटॉप तोवर दादरहून कसारा लोकलमध्ये चढला होता.

यावर उपाय म्हणून तुमचं पॅकेज झालं. आता तुम्हाला 2.3.1 असा तीन आकडी हुद्दा आहे. पहिला आकडा बदलला तर जुनं काही मोडलं असं समजायचं, मधला बदलला तर नवीन काही आलं, शेवटचा बदलला तर नुसती डागडुजी. हा करार तुम्ही पाळता असं आम्ही मानतो. तुम्हीही तसंच मानता. आणि आमचे लोक हुद्द्याच्या जागी बिनधास्त ‘लेटेस्ट’ लिहितात.

कधी एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला बाजारात उभे राहा, कॉमनराव. बाई पर्समधून घडी पडलेली यादी काढते: बेडगी एवढी, संकेश्वरी एवढी, धणे, दगडफूल, नागकेसर, त्रिफळ, सगळं वजनासकट. “ताई, यंदा नवी मिरची आलीय, घेऊन बघा,” असं दुकानदार म्हणाला तरी ती पाव किलो नेते. वर्षभराची बरणी त्या मिरचीच्या भरवशावर भरत नाही. आमच्या यादीत लिहिलेलं असतं, मिरची: जी असेल ती. वजनासकटची यादी आपोआप करून ठेवायची सोय एनपीएममध्ये 2017 साली आली. आमच्याकडे ती यादी गिटइग्नोरमध्ये टाकली आहे, कारण मर्ज करताना तिच्यात फार कॉन्फ्लिक्ट येतात म्हणे.

तुमच्या परदेशी भाऊबंदांचीही कीर्ती कानावर आहे. लेफ्ट-पॅड हे त्यातलं शेंडेफळ: अकरा ओळींचा कोड, काम काय तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि 22 मार्च 2016 रोजी अझर कोचुलू या त्याच्या कर्त्याने आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. बेबलसारखी दिग्गज मंडळी त्या अकरा ओळींवर टेकलेली निघाली, जगभरातले बिल्ड कोसळले, आणि काही तासांत ते पॅकेज परत बसवावं लागलं.

एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या लायब्ररीची गोष्ट जास्त भेसूर. एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या मदतीला एक भला माणूस आला, दोनेक वर्षं निष्ठेने राबला, आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने खोदकाम केलं, तेव्हा तो सापडला. धोका ‘लेटेस्ट’वाल्यांना होता; मागे राहिलेले वाचले.

म्हणून आमच्यातले काही शहाणे म्हणतात, एकदा आकडा ठोकून द्या आणि झोपा. त्यांच्यासाठी डिसेंबर 2021 मधला लॉग4जे, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारा तुमचा आणखी एक भाऊबंद, आहे. तिथे सुरक्षेचं भोक जुन्या आवृत्त्यांत होतं. कित्येक कंपन्यांना तर तो आपल्या घरात आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण तो पाहुण्याचा पाहुणा म्हणून आत आला होता.

तुम्हाला हाकलावं असं मी म्हणत नाही. हे पत्र कुणी अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये वाचत असेल, तर यातली जोडाक्षरं हार्फबझ नावाच्या सामाईक लायब्ररीने जुळवलेली असतात. प्रत्येकाने आपापला ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ जुळवायला घेतला असता तर काय दिसलं असतं, ते आमच्या बिलावरून ताडा. माझी तक्रार तुमच्या पालकत्वाची आहे. तुम्हाला वापरतात सगळे. तुमचा बदल तपासणारा, जुनी आवृत्ती कधी सोडायची ते सांगणारा, नावानिशी जबाबदार असा एकही नाही. विचारलं की उत्तर येतं, “टीमचा आहे तो.” भागीचं घोडं किवणानं मरतं, ते असं.

तेव्हा पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये तुमच्यासाठी एक मालक मागणार आहे. नाव माझंच सुचवलं जाईल, हे जाणून आहे. पण त्या कामाचे तास टाइमशीटमध्ये मिळणार असतील तरच हो म्हणेन.

आपला अवलंबित,
(सध्या 1.4.2 वर मुक्काम)

ता. क. : गणपतीच्या दहा दिवसांत कृपया नवं व्हर्जन काढू नका. आमच्यातले निम्मे मंडपात असतात आणि उरलेल्या निम्म्यांना लालबागच्या गर्दीतून ऑफिस गाठता येत नाही.