जिल्हा आला दारी

1 जुलै 1998 रोजी माझा धंदा बसला. सरकारने त्या दिवशी अकोल्यातून वाशीम आणि धुळ्यातून नंदुरबार असे दोन जिल्हे वेगळे काढले. गावात पेढे वाटले गेले आणि पेढा खाणारा प्रत्येक जण तोंड पुसत मला विचारू लागला, "आते काय करशी रे भाऊ?"

कारण मी 'धुळ्याचा माणूस' होतो. राहायला नंदुरबारातच, पण कलेक्टर कचेरीत कुणाचंही काम निघालं की पिशवीत कागद कोंबून पहाटेची एसटी धरायची, यावर माझी चूल पेटे. एकाचा दाखला, दुसऱ्याची नक्कल, तिसऱ्याचं नुसतंच "साहेब आहेत का बघून ये." साहेब नसले की माझी पुढची खेप पक्की, त्यामुळे साहेबांच्या दौऱ्यांबद्दल मला अतोनात आदर होता. वाटेत दोंडाईचाला भजी. आता एका अधिसूचनेने दोंडाईचा परजिल्ह्यात गेलं, भजीसकट.

घरात मात्र कुणी दचकलं नाही. आजोबा जन्मले पश्चिम खानदेशात, मी धुळे जिल्ह्यात, धाकटा नंदुरबार जिल्ह्यात. आणि तिघांचा पाळणा एकाच कडीला. "सरकारला काय हलवायचं ते हलवू दे," आजी म्हणाली, "कडी घट्ट आहे."

मग एक टेबल उचललं आणि नव्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली मांडलं. अर्ज लिहून मिळतील. छापील अर्जांवर अजून 'जि. धुळे' होतं, ते खोडून 'नंदुरबार' लिहायचे पैसे वेगळे. आत बदलून आलेले कारकून होते. नंदुरबारची बदली म्हणजे शिक्षा, अशा चेहऱ्याने ते बसत. कोणतं प्रकरण कुठल्या टेबलाकडून कुठे जातं, हे त्यांनाही नवीनच. मग एकेक जण चहाच्या निमित्ताने बाहेर येई आणि हळूच विचारी, "हे धुळ्याला कसं करायचे हो?" काही काळ जिल्ह्याचा कारभार कडुनिंबाखालून चालला, असं माझं नम्र मत आहे.

पुढे गाड्यांवर एमएच 39 आलं. 2010 मध्ये तर देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या टेंभलीत दिलं गेलं, खुद्द पंतप्रधानांच्या उपस्थितीत. देशातल्या पहिल्या आधारवर जिल्हा आमचा, आणि खाडाखोड नाही! व्यवसायाच्या दृष्टीने हे चिंताजनकच होतं.

पण मला आठवतो तो सुरुवातीच्या दिवसांत आलेला धडगावकडचा म्हातारा. धुळ्याच्या सवयीने दोन दिवसांच्या भाकरी बांधून सातपुडा उतरला होता. दुपारी दोनलाच त्याच्या हातात दाखला पडला. तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला. "झालं? मग उद्या काय करू?"

मी म्हटलं, "बाबा, उद्याच्या भाकरी काढा." मिरचीचा ठेचा माझ्याकडे होताच.