दुखणं हातभर, तपासणी वीस फुटांवर

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्यात डोळ्यांच्या तज्ज्ञांची टंचाई आहे, असं कोणी म्हणू नये. तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून ‘जवळचं धुरकट दिसून राहिलं बाप्पा’ एवढं फक्त म्हणावं. चहा गाळून होण्याआधी पाच निदानं हातात पडतात. पहिला मोबाइलला शिव्या घालतो. दुसरा वीज केंद्राच्या राखेकडे बोट दाखवतो. तिसरा रस्स्यातल्या तिखटावर घसरतो, चौथा डोळ्यांत मध घालायला सांगतो (हा सल्ला कोणीही मानू नये). पाचव्याचा साळा नागपूरला मेडिकलमध्ये कामाला असतो. साहजिकच तो ‘नस दबली असंल’ असं सांगून चहाचे पैसे न देता निघून जातो.

तक्रार करणारा बहुधा पंचेचाळिशीच्या आसपासचा असतो. लांबचं त्याला लख्ख दिसतं. भंडाऱ्याकडून येणाऱ्या एसटीची पाटी तो गाडी पुलावर असतानाच वाचतो, दुसऱ्याच्या धुऱ्यावर चरणारी गाय कोणाची तेही सांगतो. हातातल्या सातबाऱ्यावरचा आकडा मात्र ३ आहे की ८, हे त्याला सांगता येत नाही. मग कागद धरलेला हात हळूहळू पुढे जातो, मान मागे जाते आणि शेवटी हात संपतो. कागद दुसऱ्याच्या हातात देऊन ‘पाह्यनं भाऊ, काय लिहिलं हाये’ म्हणणं, हा मौदा तालुक्यातला सर्वांत जुना चष्मा आहे.

या गृहस्थाची सोय व्हावी म्हणून शासनाने कारभार मोबाइलवर आणला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर उभं राहायचं, गट क्रमांक निवडायचा, पिकाचं नाव आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. धान डोळ्यांपुढे डोलत असतं आणि पडद्यावर ‘धान’ हा शब्द सापडत नसतो. लाडक्या बहिणींचंही तेच. ‘लाडकी बहीण’ योजनेची वयोमर्यादा ६५ वर्षांपर्यंत आहे, पण ओटीपी वाचायला डोळे पंचविशीतले लागतात. तो वाचून होईपर्यंत त्याची मुदत संपते. कारभार जनतेच्या दारात आला असं भाषणात म्हणतात. प्रत्यक्षात तो जनतेच्या नाकासमोर दीड वितीवर येऊन थांबला, आणि नेमकं तिथलंच जनतेला दिसत नाही.

अशा वेळी मदतीला धावून येतं ते नेत्रतपासणी शिबिर. शिबिराच्या फ्लेक्सवरची अक्षरं फूटभर असतात, त्यामुळे आयोजकांची नावं सगळ्यांना वाचता येतात. आत गेल्यावर आपल्या तक्रारदार काकाजींना वीस फुटांवरच्या तक्त्यासमोर बसवतात. एक डोळा झाकून काकाजी शेवटची ओळ धडाधड वाचतात. ‘सहाला सहा! डोळे एकदम बढिया हायेत तुमचे. मोतीबिंदूबी नाही.’ काकाजी चाचरत म्हणतात, ‘पण साहेब, जवळचं...’ तोवर पुढचा नंबर पुकारला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण इथे फुटपट्टीने मोजून दाखवता येते: तक्रार चाळीस सेंटिमीटरवरची, तपासणी सहा मीटरवरची. तपासणीत काही निघत नाही म्हणून दुखणं ‘गूढ’ ठरतं, आणि गूढ ठरलं की मधाची बाटली पुन्हा बाहेर निघते.

शिबिरांचं लक्ष मोतीबिंदूवर असतं, यात गैर काही नाही. देशातल्या अंधत्वाचं ते सर्वांत मोठं कारण आहे आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने त्याच्याशी मोठी झुंज दिली आहे. पण जवळची नजर तपासण्यासाठी काही नवा शोध लागायचा राहिला आहे, असंही नाही. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी हातात धरून वाचायचे लहानमोठ्या अक्षरांचे नमुने १८५४ मध्ये छापले. भिंतीवरचा तो प्रसिद्ध तक्ता नेदरलँड्सच्या हर्मान स्नेलेन यांनी काढला १८६२ मध्ये. म्हणजे येगर यांचे नमुने स्नेलेन यांच्या तक्त्यापेक्षा आठ वर्षांनी थोरले आहेत. एवढंसं कार्ड, खिशात मावणारं. फ्लेक्सच्या खर्चात शेकडो निघतील.

गूढाचा उलगडाही फार जुना आहे. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगतं. ही फुगण्याची ताकद दहाव्या वर्षी सरासरी साडेपंधरा डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप) असते आणि मग भिंग कडक होत जातं तशी दर वर्षी थोडीथोडी खर्ची पडते. चाळिसाव्या वर्षी साडेसहा उरते, पंचेचाळिसाव्या वर्षी पाच, पन्नाशीत साडेतीन. चाळीस सेंटिमीटरवरचं वाचायला अडीच लागते. मग पाच शिल्लक असताना अडचण कसली? अडचण अशी की, आराम हवा असेल तर शिलकीच्या निम्मीच वापरता येते. पाचाचे निम्मे अडीच. पंचेचाळिशीत हिशेब काठावर येतो. सकाळी जमतं, संध्याकाळी तूट पडते. राख आणि तिखट यांनी डोळे चुरचुरतील, पाणी येईल. भिंग कडक होण्यात त्यांचा हात नाही. बिचाऱ्या मोबाइलने तर फक्त चाळिशीची बातमी फोडली.

उजेडाचीही यात भानगड आहे. अंगणात उन्हात पोथी वाचता येते आणि देवघरात येत नाही, याला देवाचा कोप कारण नसतो. भरपूर उजेडात बाहुली आकसते आणि बारीक छिद्रातून पाहिल्यासारखं अक्षर नीट दिसतं. कमी उजेडात बाहुली पसरते आणि अक्षरही पसरतं. २,३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र ज्या मौद्यात उभं आहे, तिथला माणूस स्वतःचं वीजबिल मिणमिणत्या दिव्याखाली वाचायला जातो आणि मग आकडा फुगलेला दिसतो म्हणून घाबरतो. (आकडा कधीकधी खरोखरच फुगलेला असतो. त्यावर नेत्रवैद्यकात उपाय नाही.)

ही बाहुलीची युक्ती बाटलीत भरून विकण्याचाही बेत झाला. मुंबईच्या एन्टोड फार्मास्युटिकल्सच्या ‘प्रेस्व्यू’ या पायलोकार्पिनच्या थेंबांना ऑगस्ट २०२४ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. पायलोकार्पिन बाहुली आकसवतं. काचबिंदूसाठी ते कैक वर्षं वापरात आहे. पण बातमी पसरली ती ‘पंधरा मिनिटांत चष्म्याला रामराम’ अशी. मौद्यापासून मुंबईपर्यंत लोकांनी औषधाच्या दुकानात चौकशा सुरू केल्या. चष्म्याची गरज कमी होण्याचे आणि पंधरा मिनिटांचे दावे मंजुरीत बसत नाहीत, असं म्हणत नियंत्रकांनी १० सप्टेंबर २०२४ रोजी परवानगी स्थगित केली. थेंब बाजारात येण्याआधीच प्रसिद्ध झाले आणि प्रसिद्ध झाले म्हणूनच अडकले.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचं नशीब अधिक चांगलं. काचेवर निळी टॉर्च मारून दाखवायची, गिऱ्हाईक गार! कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासून २०२३ मध्ये सांगितलं की, संगणकामुळे डोळ्यांवर येणारा ताण अशा काचांनी साध्या काचांपेक्षा बहुधा कमी होत नाही, निदान थोड्या काळात तरी. टॉर्च मात्र अजून जोरात चालते.

आता सेतू केंद्रातला पंचविशीचा ऑपरेटर. त्यालाही दुपारनंतर पडद्यावरची अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात. वय बसत नाही म्हणून त्याचं दुखणं तर आणखीच गूढ. पण पापण्यांची उघडझाप केल्यावर दोन क्षण साफ दिसत असेल, तर दोष डोळ्यांवरच्या अश्रूंच्या थराचा. पडद्याकडे टक लावली की पापण्या मिटायच्या विसरतात, त्यात विदर्भाचा उन्हाळा आणि तोंडावर सोडलेला कूलर. कोणाचा प्लस नंबर लपलेला असतो: तरुण डोळा जोर लावून वीस फुटांवरची परीक्षा पास होतो, म्हणून भिंगाचा स्नायू ढिला करणारे थेंब घालून तो शोधावा लागतो. कोणाचे दोन डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळायला कुरकुरतात. कोणाला लांबचा मायनस नंबर गरजेपेक्षा जास्त दिलेला असतो. साखर वरखाली झाली की नंबरही वरखाली होतो, तर ॲलर्जीवरच्या, पोटातल्या कळेवरच्या काही गोळ्या भिंगाचा स्नायू ढिला करतात. यातलं एकही कारण भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं नसतं.

ऑपरेटरच्या साहेबांची कथा निराळी. त्यांच्याकडे चष्मा आहे, तोही दुहेरी काचेचा. खालची काच पुस्तकाच्या अंतराची, पडदा साठ-सत्तर सेंटिमीटरवर. मग साहेब हनुवटी वर करून खालच्या काचेतून पडदा पाहतात, पुढे पुढे सरकतात, मान धरते आणि मानेला पट्टा येतो. लोकांना वाटतं कामाचा भार. भार कशाचा, ते टेपने मोजता येतं.

हसण्यावारी नेण्याजोगं हे प्रकरण नाही. जवळची नजर अधू आणि तरी चष्मा नाही, अशा माणसांची संख्या जागतिक आरोग्य संघटनेने ८२ कोटी ६० लाख धरली आहे. आसामात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहामळा कामगारांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: वाचण्याचा साधा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशात असाच चष्मा मिळालेल्यांची कमाई आठ महिन्यांत, न मिळालेल्यांच्या तुलनेत ३३ टक्के जास्त निघाली. तो अभ्यास २०२४ चा. आपल्याकडे मांढळ-भिवापूर पट्ट्यात मिरचीची देठं तोडणाऱ्या बाया आहेत, आंधळगावचे कोसा विणणारे कारागीर आहेत, तांदळातले खडे निवडणाऱ्या तर घरोघरी आहेत. त्यांना सुईत दोरा ओवायला नातू लागतो, आणि नातू शाळेत गेला की शिलाई थांबते. त्यांच्यासाठी कोणी प्रयोग करण्याची गरज नाही, कारण निकाल आधीच लागला आहे.

तेव्हा मौदेकरांनो, पुढच्या शिबिराला जाताना घरचा सातबारा किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. तक्ता वाचून झाला की खुर्चीवरून उठू नका. ‘साहेब, आता हे वाचतो, पाहा’ म्हणून ते हातात धरा. संगणकावर काम असेल तर डोळ्यापासून पडद्याचं अंतर मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. सरकारी कार्यक्रमात ज्येष्ठांना जवळच्या कामासाठी मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना त्याबद्दल थेट विचारा. आठवडी बाजारातला तयार चष्मा घ्यायला हरकत नाही, पण आधी एकदा दोन्ही डोळ्यांची आणि साखरेची तपासणी करून घ्या. आणि धूसरपणा अचानक, एकाच डोळ्यात, दुखण्यासह किंवा पडदा पडल्यासारखा आला, तर शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी नागपूर गाठा.