चिप आमची ठरली होती: निन्टेंडोच्या अध्यक्षांना अनावृत पत्र

मा. श्री. शुन्तारो फुरुकावा,
अध्यक्ष, निन्टेंडो कंपनी, क्योटो

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या कंपनीने आम्हाला न विचारता यंत्रात चिप बसवली. तीही एकदा नाही, दोनदा. पहिल्या खेपेला आपण अध्यक्ष नव्हता, किमिशिमासाहेब होते, हे आम्ही जाणतो. पण गादीवर बसणाऱ्याने मागची देणीही आपलीच मानायची असतात. शिवाय दुसऱ्या खेपेला तर आपणच होता.

आम्ही म्हणजे तर्क करणारे लोक. हातात धरून खेळता येईल आणि घरी आल्यावर टीव्हीलाही जोडता येईल असे यंत्र आपण काढणार, अशी कुणकुण लागली आणि त्याच्या पोटात ग्राफिक्सची कोणती चिप असावी हे ठरवण्याचे काम आम्ही बिनपगारी अंगावर घेतले. आमच्यात इंजिनिअर आहेत, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेले आहेत आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसलेले तर ढिगाने आहेत. प्रत्यक्ष खेळणारेही थोडे आहेत, पण त्यांना चर्चेत फारसे बोलू दिले जात नाही. ते विषय भरकटवतात. इकडे भारतात तर आपण ते पहिले यंत्र रीतसर आणलेच नाही. ते लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मिळायचे, नाहीतर दुबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायचे. त्यामुळे यंत्र जवळ नसताना यंत्राबद्दल बोलण्याचा सराव आम्हा मंडळींना जगापेक्षा अंमळ जास्तच आहे.

आता तक्रार मुळापासून सांगतो. १७ मार्च २०१५ रोजी तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी टोकियोत 'एनएक्स' हे सांकेतिक नाव उच्चारले. कल्पना अगदी नवी आहे, बाकीचे पुढच्या वर्षी सांगू, याखेरीज ते काही बोलले नाहीत. पण आम्हाला एवढे पुष्कळ झाले. बुलढाण्याकडे भेंडवळ गावी अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि रातोरात धान्याचे दाणे कुठे सरकले यावरून पाऊसपाणी आणि पीक सांगतात. आमच्याकडे तर चांगली दोन अक्षरे होती. त्यांतून आम्ही एएमडीची कोरी करकरीत पोलारिस चिप काढली, प्लेस्टेशन ४ शी बरोबरी काढली. त्यातच आपल्या कंपनीच्या एका पेटंट अर्जात बाहेरून जोडायच्या जादा गणनयंत्राची आकृती सापडली. मग शेजारच्या घरातल्या यंत्राची ताकद उसनी घेऊन आपल्या घरातले चित्र सुधारेल, इथपर्यंत आम्ही मजल मारली. पेटंटात ते खरोखरच लिहिलेले होते. यंत्रात तेवढे नव्हते.

आणि हे सगळे चालू असताना ती चिप कुठे होती? चव्हाट्यावर! एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी जानेवारी २०१५ मध्येच लास व्हेगासच्या मंचावरून 'टेग्रा एक्स१' जगाला दाखवली होती. म्हणजे इवातांनी 'एनएक्स' म्हणायच्या दोन महिने आधी. मॅक्सवेल घराण्यातले २५६ कोअर, सगळा तपशील छापील. त्याच वर्षी ती टीव्हीला जोडायच्या शील्ड नावाच्या पेटीत घालून १९९ डॉलरला विकायलाही आली. फुरुकावासाहेब, रहस्य असे दुकानाच्या फळीवर ठेवायचे असते का? आम्ही रहस्य शोधायला बसलो होतो. फळीवर कोण बघणार?

नाही म्हणायला जुलै २०१६ मध्ये युरोगेमरने छापले होते की यंत्र हातात धरायचे आहे, दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होतात आणि आत टेग्रा आहे. खेळ बनवणाऱ्यांना दिलेल्या चाचणी यंत्रांत एक्स१ असल्याचेही बाहेर आले. साध्या माणसाने यावरून काय अर्थ काढला असता? एक्स१ आहे. पण आमच्या कानावर आले की त्या चाचणी यंत्रांच्या पंख्याचा आवाज येतो. मग आम्ही पुढची पायरी चढलो: पंखा जोरात फिरतो, त्या अर्थी चिप ताणून चालवली आहे, ताणून चालवली आहे, त्या अर्थी ती येणाऱ्या मोठ्या चिपची केवळ सोंग घेऊन उभी असलेली बदली कलाकार आहे, सबब अंतिम यंत्रात नव्या पास्कल घराण्याची चिप आहे. पंख्याच्या घरघरीवरून चिपचे कुळ ओळखणे ही विद्या आपल्या क्योटोत असेल असे वाटत नाही.

२० ऑक्टोबर २०१६ ची संध्याकाळ मला लख्ख आठवते. दिवाळी दहा दिवसांवर आलेली, घरात चकलीची भाजणी दळून आलेली, आणि इकडे आपण 'स्विच' हे नाव आणि त्याची चित्रफीत जाहीर केली. चिपबद्दल आपण अवाक्षर काढले नाही. बोलली ती एनव्हिडिया: जगातल्या सर्वांत वेगवान जीफोर्स कार्डांच्या रचनेवरच ही चिप बेतलेली आहे आणि तिच्यामागे ५०० मनुष्य-वर्षांची मेहनत आहे. त्या महिन्यात सर्वांत वेगवान कार्डे पास्कलची होती. मग आम्ही काय समजायचे? आम्ही पेढे वाटले. पुढे कळले की पास्कलची रचना मॅक्सवेलहून फार लांबची नाही, तेव्हा वाक्य म्हणायला खोटेही नव्हते. असली वाक्ये लिहिणाऱ्या माणसाला आमच्याकडे जमिनीच्या दाव्यांत फार मागणी आहे.

डिसेंबरात आकडे फुटले. टीव्हीला जोडल्यावर ग्राफिक्सची चिप ७६८ मेगाहर्ट्‌झवर चालणार, हातात घेतल्यावर ३०७.२ वर. शील्डमधली हीच चिप १,००० पर्यंत जायची! आमच्यात सुतक पसरले. आपण हिशेबखात्यातून वर आलेले गृहस्थ, आपल्याला यातले शहाणपण लगेच दिसले असेल. यंत्राच्या पडद्यावर १२८० गुणिले ७२० ठिपके, टीव्हीवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सव्वादोन पट. चिपचा वेग अडीच पट. चित्र जितके लहान तितकी चिप सावकाश हाकायची. ती सावकाश चालली की कमी व्होल्टेजवर भागते, तापत नाही आणि बॅटरी टिकते. एकाच यंत्राला खिशात आणि दिवाणखान्यात दोन्हीकडे राबवायचे तर ही सगळी किल्ली याच एका भागाकारात आहे. पण इतका सोपा भागाकार खरा असेल यावर आमचा विश्वास बसेना. हे आकडे जुन्या चाचणी यंत्राचे आहेत असे आम्ही जाहीर केले आणि नाताळ साजरा केला.

३ मार्च २०१७ ला यंत्र आले. चिपा फोडून छायाचित्रे काढण्याचा धंदा करणाऱ्या लोकांनी ती फोडली. आत टेग्रा एक्स१. बदल नाही, गुप्त कप्पा नाही, पास्कलचा थेंब नाही. कोणी म्हणाले, पाचशे मनुष्य-वर्षे गेली कुठे? मी त्यांना म्हटले, थांबा, दुसऱ्या थरात असतील.

यानंतर आपण जे केले ते मात्र माफ करण्यापलीकडचे आहे. आमच्या गणिताप्रमाणे ती चिप टीव्हीवर ३९३ गिगाफ्लॉप, हातात १५७. प्लेस्टेशन ४ चे १,८४०. या आकड्यांवर मोठे खेळ चालणे अशक्य असल्याचे आम्ही सप्रमाण सिद्ध केले होते. तरी २०१७ मध्ये 'डूम' चालला, २०१९ मध्ये 'विचर ३' चालला, आणि १२ मे २०२३ रोजी, म्हणजे चिप जगाला दाखवल्यावर आठ वर्षांनी, आपण त्याच चिपवर 'टिअर्स ऑफ द किंगडम' काढून तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या. यंत्रे तर पंधरा कोटींच्या वर गेली. लोक आकडे न वाचताच पैसे मोजतात, फुरुकावासाहेब, आणि आपण त्यांना तसे करू देता.

आपल्या घराण्याची रीतच ही, असे कोणी म्हणेल. गुनपेई योकोई यांनी गेम बॉय काढला १९८९ मध्ये. हिरवट पडदा, चार छटा, चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत पडदा घेऊन आला होता आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला. दोघेही सेल खाऊन खाऊन गेले. जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यायचे आणि त्याचा भलताच उपयोग शोधायचा, हे योकोईंचे धोरण छापून प्रसिद्ध आहे. ते वाचले असते तर आमचा सगळा तर्क पाच मिनिटांत आटोपला असता. मग उरलेल्या वर्षांचे आम्ही काय केले असते, याचा विचार योकोईंनी केलेला दिसत नाही.

२०२१ बद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो विषय अजून दुखतो. वजनदार बातमीदारांनी लिहिले होते की नवा ओएलईडी पडदा येणार आणि टीव्हीवर ४के चित्र दिसणार. ६ जुलैला आपण पडदा दिला. चिप तीच.

आता दुसरी खेप. या वेळी, सांगायला वाईट वाटते, गुपित फारच लवकर फुटले. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चात चोरट्यांनी एनव्हिडियाच्या फायली पळवल्या आणि त्यांत टी२३९ ही चिप उघड झाली: अँपिअर घराणे, १,५३६ कोअर. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या माणसांनी लिनक्सच्या सार्वजनिक संकेतावलीत टी२३९ चे नाव स्वतःच्या हाताने लिहिले. २०२४ मध्ये सीमाशुल्काच्या याद्यांतून १२ जीबी स्मृतीही बाहेर आली. हे शोधणारी मंडळी गुणी होती, त्यांनी सरळ पुरावे वाचले आणि खरे तेच सांगितले. म्हणूनच आमच्यात त्यांना मान नाही. चिप माहीत झाली, आता तर्क कशावर करायचा?

देवाच्या कृपेने नॅनोमीटर उरले होते. चिप छापायची प्रक्रिया जितक्या कमी नॅनोमीटरची तितकी वीज कमी. एनव्हिडियाने अँपिअरची सगळी गेमिंग कार्डे सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवर काढली होती आणि मोटारींसाठीची ओरिन चिपही तिथलीच. तेव्हा हीही ८ चीच, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. आम्ही पोर नव्हतो. आम्ही म्हटले, ८ नॅनोमीटरवर १,५३६ कोअर हातातल्या यंत्रात पुरेशा वेगाने चालवणे परवडत नाही. निन्टेंडो वायफळ कोअर घालणार नाही. सबब चिप तैवानच्या ४ नॅनोमीटरवर आहे. तीन वर्षे हा वाद चालला. त्यात मैत्र्या तुटल्या. वेग थोडा कमी ठेवला की प्रश्न सुटतो, असे एक जण म्हणाला होता. त्याचे म्हणणे कुणी मनावर घेतले नाही.

७ मे २०२४ रोजी आपण स्वतः लिहिलेत की चालू आर्थिक वर्षात पुढच्या यंत्राची घोषणा करू. २ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी साडेसहाला आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. तासभर आपण खेळच दाखवत राहिलात. मग तपशिलांचा तक्ता आला आणि चिपच्या रकान्यात एकच ओळ: एनव्हिडियाने बनवलेला खास प्रोसेसर. दहा वर्षांच्या साधनेला ही दक्षिणा? दुसऱ्या दिवशी एनव्हिडियाने 'आधीच्या दहापट ग्राफिक्स' एवढे सांगितले आणि मे महिन्यात खरे आकडे आले: टीव्हीवर १,००७ मेगाहर्ट्‌झ, हातात ५६१. वेग थोडा कमी ठेवला होता. प्रक्रिया सॅमसंगची, ८ नॅनोमीटरच्याच घराण्यातली. ५ जूनला यंत्र आले आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपले. त्यांतल्या एकाही गिऱ्हाइकाने दुकानदाराला नॅनोमीटर विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तर, महाशय, झाले ते झाले. तिसऱ्या यंत्राची चिप आम्ही निवडायला घेतली आहे आणि प्राथमिक फेरीत ३ नॅनोमीटर एकमताने मंजूर झाले आहे. आपण त्या वेळी सात-आठ वर्षांपूर्वीची, फळीवर धूळ खात पडलेली चिप उचलणार, अशी एक कुजबुज आमच्यातही आहे. तिचा आम्ही निषेध केला आहे. आपल्याला एकच विनंती: यंत्राचे नाव, किंमत, तारीख यांपैकी काहीही कळवू नका. चाचणी यंत्रे बाहेर पडली की त्यांच्या पंख्याचा आवाज कसा येतो एवढे मात्र पोस्टकार्डावर लिहून पाठवा. बाकीचे आम्ही काढू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक तर्कव्रती, पुणे