गुडघ्यात वाका, कंबरेत नाही

नर्सिंगच्या पुस्तकातला पलंग वर-खाली होतो. हँडल फिरवलं की पेशंट आपल्या कंबरेच्या उंचीला येतो, दोन सिस्टर दोन बाजूंना उभ्या राहतात, 'एक, दोन, तीन' म्हणतात आणि चादरीसकट तो अलगद उशीकडे सरकतो. चित्रातला पेशंटही समजूतदार असतो. सडपातळ, हात छातीवर घेतलेला, डोळे मिटलेले आणि मुख्य म्हणजे एकटा. त्याच्या उशाशी आत्या, पायथ्याशी काका आणि पलंगाखाली कळण्याच्या भाकरीचं गाठोडं, असलं काही त्या चित्रात नसतं. चोपड्यात मी ज्या खासगी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे, तिथल्या लोखंडी पलंगाची उंची तो वेल्ड झाला त्या दिवशीच कायमची ठरली. खिडकीजवळच्या पलंगाच्या एका पायाखाली तर फरशीचा तुकडा आहे. तो निसटला की पेशंट सातपुड्याच्या दिशेने कलतो.

हे सगळं माहीत असताना 12 मेच्या कार्यक्रमात 'पेशंट उचलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत' दाखवायला मी हो का म्हटलं? कारण कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाआधी 'तज्ज्ञ मार्गदर्शक' छापणार होते. घरी मला अजून कोणी साध्या कुकरच्या शिट्ट्यांबाबतही तज्ज्ञ मानलेलं नाही.

12 मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस. बाई 1820 साली इटलीत, फ्लॉरेन्स शहरात जन्मल्या. त्या सोयीच्या महिन्यात जन्मल्या असत्या, डिसेंबरात म्हणा, तर जगभर नाही तरी निदान खानदेशातल्या नर्सेसवर फार उपकार झाले असते. मेमध्ये आमच्याकडे पारा 44-45 ला टेकलेला असतो आणि कार्यक्रमाची सुरुवात व्हायची ती हातात मेणबत्त्या घेऊन. मेणबत्त्या विझतात म्हणून पंखे बंद. पंखे बंद म्हणून बंद हॉलमध्ये शंभरेक माणसं घामाने निथळताहेत आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांत शपथ घेतो आहोत. ती शपथ नाइटिंगेलबाईंच्या नावाने ओळखली जाते, पण त्यांनी लिहिलेली नाही. ती 1893 साली अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. डेट्रॉइटला बर्फ पडतो. म्हणूनच ती इतकी लांबलचक असावी. 'निष्ठेने' या शब्दापाशी पहिल्या वर्षाच्या दोन मुली खाली बसल्या आणि त्यांना ओआरएस पाजण्यात बाकीच्यांची निष्ठा खर्ची पडली.

मग माझं प्रात्यक्षिक. पेशंट म्हणून मी एक किडकिडीत विद्यार्थिनी हेरून ठेवली होती, पण ती नेमकी त्या दोघींतली एक निघाली. आयत्या वेळी वॉर्डातले मामा उत्साहाने टेबलावर जाऊन आडवे झाले. मामा नव्वद किलोच्या अलीकडे नाहीत. अमेरिकेतल्या जाणकारांनी हाताने पेशंट उचलायची मर्यादा साधारण 16 किलो सांगितली आहे, त्यावर वजन गेलं तर यंत्र वापरा म्हणतात. आमच्याकडे 16 किलोचा पेशंट फक्त बालविभागात मिळतो, आणि यंत्र म्हणजे आम्हीच.

तरी मी बोलले झकास. मणका ताठ. पाय खांद्याइतके फाकलेले. वजन अंगाशी धरायचं. वाकायचं ते गुडघ्यात, कंबरेत नाही. वळायचं झालं तर पावलं वळवायची, कंबर पिळायची नाही. समोरच्या मुली भराभरा लिहून घेत होत्या. पलीकडे नवी आलेली स्टाफ, अलीकडे मी. एक. दोन. आणि तीनला मामा वर उचलले गेले असतानाच फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा इकडे बघा!"

पावलं जिथल्या तिथे राहिली. मी कंबरेतून वळून, हसून बघितलं.

आत काहीतरी 'कट्' झालं. मामांना सोडता येईना आणि मला सरळ होता येईना. हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण ते काढायलाही कुठलातरी स्नायू हलवावा लागला असता. फोटोवाला खूश. इतका स्थिर राहणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर लिहूनही घेतलं की वळताना असं वळू नये, हे मॅडमनी करून दाखवलं.

मला वॉर्डात नेलं ते मामांनीच. टेबलावरून उतरले, कंबरेत सपशेल वाकले, गुडघे जराही न मुडपता मला उचललं आणि चालू लागले. त्यांना काहीही झालं नाही. तरुणपणी अंकलेश्वर-बुऱ्हाणपूर रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकांत त्यांनी केळीचे घड भरले आहेत, त्यांच्या मणक्याला आमचं पुस्तक ठाऊक नाही.

खाली होता फक्त खिडकीजवळचा पलंग. डॉक्टरसाहेबांनी तपासून स्नायू आखडलाय म्हणून सांगितलं, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन लिहिलं, दोन दिवस सक्त विश्रांती. इंजेक्शन द्यायला आलेली पोरगी मी शिकवलेली. "सैल सोडा हं ताई, मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं माझंच वाक्य माझ्याच चालीवर तिने मला ऐकवलं. ती मुंगी कोणत्या जातीची, हे इतकी वर्षं एकाही पेशंटने मला कसं विचारलं नाही?

संध्याकाळपर्यंत बातमी अमळनेरला माहेरी आणि अडावदला आतेसासूबाईंकडे पोचली. माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर 'एका पेशंटजवळ एकच नातेवाईक' अशी पाटी आहे, ती मीच रंगवून घेतलेली. सासूबाईंनी आल्या आल्या तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला. मग सल्ले सुरू झाले. एरंडेल चोळ. वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक दे. डिंकाचे लाडू खा. आतेसासूबाईंचं म्हणणं, अडावदजवळ उनपदेवाचं गरम पाण्याचं कुंड असताना इथे पडून कशाला राहायचं, रिक्षा बाहेर उभीच आहे. शेजारच्या पलंगावरची म्हातारी, जिला मी त्याच दिवशी सकाळी जास्त बोलू नका म्हणून दटावलं होतं, तीही कुशीवर वळून म्हणाली, "काय व्हयनं व माय तुले?" आणि मग तिच्या सुनेच्या कंबरेची हकिकत पहिल्यापासून सांगू लागली. भेटायला येणाऱ्यांचे पोकळ दिलासे आणि फुकटचे सल्ले पेशंटला किती छळतात, यावर नाइटिंगेलबाईंनी आपल्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण खर्चलं आहे. बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, तरी हे प्रकरण त्यांनी चोपड्यात बसून लिहिलंय असं मला त्या रात्री वाटलं. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांची स्वतःची बरीच वर्षं अंथरुणावरच गेली. नातेवाइकांना त्या भेटायचं टाळायच्या. मला तसा मान नाही.

रात्री दोनच्या सुमारास मला बेडपॅन हवा झाला.

एवढं साधं वाक्य, पण ते उच्चारायला मला बराच वेळ लागला. आयुष्यभर 'लाजायचं काय त्यात, आम्हाला रोजचंच आहे' असं लोकांना सुनावलेलं. रोजचं असतं ते देणाऱ्याला, हे आडवं झाल्याशिवाय कळत नाही. शेवटी मी हाक मारली. पडद्यापलीकडून उत्तर आलं, "आले हं ताई, दोन मिनिटं!"

हे वाक्यही माझंच. नर्सची दोन मिनिटं घड्याळात नसतात, हे मला उभ्याने ठाऊक होतं. आडव्याने ती मोजायला लागल्यावर मी मनातल्या मनात तिच्याविरुद्ध लेखी तक्रार तयार केली, मजकुरासह. मग पडदा वाऱ्याने जरा सरकला आणि ती काय करतेय ते दिसलं. अंगणात बाजेवर झोपलेल्या एका पोराला विंचू चावला होता. डोंगराकडच्या एका पाड्यावरून त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणलं होतं. पोर घामाने चिंब, हातपाय गार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन वापरून दाखवलं, तेव्हापासून असली पोरं वाचू लागली. पण ती गोळी दिली की पेशंटला आडवंच ठेवायचं, उठू द्यायचं नाही, आणि बीपी पुन्हा पुन्हा घेत राहायचं. पोर उठू बघत होतं, बाप त्याला उचलून मांडीवर घेऊ बघत होता, आणि ही एका हाताने पोराला दाबून धरत दुसऱ्या हाताने बीपीचा फुगा दाबत होती. वॉर्डात बावीस पेशंट, ती एकटी. साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असावी आणि शिकवण्याच्या रुग्णालयात तिनामागे एक, असं प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेचं म्हणून आम्ही परीक्षेत लिहितो. पैकीच्या पैकी मार्क मिळतात.

तक्रारीचा मसुदा मी रद्द केला. पोट मात्र ऐकेना.

ती आली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला होता. तिने मला कुशीवर वळवलं, पॅन सरकवला, पुन्हा उताणं केलं. सगळं एकटीने आणि सगळं कंबरेतून वाकून. मला राहवेना. पॅनवर बसलेल्या माणसाने अधिकारवाणीने बोलू नये, तरी मी म्हणाले, "अगं, गुडघ्यात वाक."

"ताई," ती म्हणाली, "गुडघे ठेवू कुठे?"

मी मान वळवता येईल तेवढी वळवून खाली बघितलं. माझ्या आणि म्हातारीच्या पलंगांमधल्या हातभर जागेत सतरंजी टाकून आतेसासूबाई घोरत होत्या. त्यांच्या पायाशी म्हातारीचा मुलगा. त्याच्या पलीकडे पाण्याचा जार. पोरगी एक पाय आतेसासूबाईंच्या उशीपाशी आणि दुसरा जारच्या मागे ठेवून उभी होती. या आसनात गुडघे वाकवणारी नर्स सर्कशीतच सापडेल.

केईएममधल्या अरुणा शानबाग यांची गोष्ट आम्ही प्रत्येक बॅचला सांगतो. स्वतः नर्स असलेल्या अरुणाताई 1973 साली त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत, म्हणजे 42 वर्षं अंथरुणावर होत्या, आणि तिथल्या नर्सेसनी पिढ्यानपिढ्या त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं निजून असलेल्या पेशंटला बेडसोअर होऊ न देण्याबद्दल त्यांचं साऱ्या देशाने कौतुक केलं, आणि ते योग्यच. ही गोष्ट सांगताना मी नेहमी त्वचेबद्दल बोलते. कूस बदलणं, पावडर, सुरकुती नसलेली चादर. ती कूस बदलणाऱ्यांच्या कंबरांचं काय झालं, हे वर्गात कधी कोणी विचारलं नाही आणि मला कधी सुचलंही नाही. त्या रात्री सुचलं, पण ऐकायला जागं कोणी नव्हतं.

पहाटे तिने रिपोर्ट बुक लिहायला घेतलं. माझ्या नावापुढे तिने काय लिहिलं ते मला पलंगावरून दिसत नव्हतं, पण पेन जितका वेळ चाललं त्यावरून मी ओळखलं. 'रात्री शांत झोप. तक्रार नाही.' मीही वर्षानुवर्षं हेच लिहीत आले.

सहाला आमच्या झाडूवाल्या मावशी आल्या. फडकं बादलीत बुडवत त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, उसण भरलीय ही. इंजेक्शनाने नाही जायची. मी पायाळू आहे."

अंधश्रद्धेवर दर नवरात्रात आरोग्य शिक्षण देणारी बाई मी. उलट्या जन्मलेल्या माणसाचा पाय लागला की आखडलेली कंबर सुटते, या समजुतीवर माझ्याकडे वेगळा तक्ता आहे, रंगीत. तेव्हा मावशींना मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला पूर्ण पाठ आहे. मी फक्त विचारलं, "पडदा ओढाल का?"

सासूबाईंनी आणि आतेसासूबाईंनी मला पालथं केलं. मावशींनी चप्पल काढली, पाय फडक्याला पुसला (निर्जंतुकीकरणाचं माझं शिक्षण निदान एवढं तरी रुजलं म्हणायचं) आणि उजव्या टाचेने कंबरेवर सात वेळा हलके झटके दिले. दुपारपर्यंत मी धरून धरून का होईना, उभी राहिले. त्याआधी डायक्लोफेनॅकचा दुसरा डोस झाला होता, हे मी सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत वॉर्डातल्या तीन नर्स, एक फार्मासिस्ट आणि म्हातारीची ती प्रसिद्ध सून पडद्यामागे जाऊन आली. तेव्हा कळलं की यातल्या बऱ्याचजणी मावशींच्या जुन्याच गिऱ्हाईक होत्या. नवी होते ती मीच.

मावशींनी पैसे घेतले नाहीत. घेतले तर गुण जातो म्हणे. त्याऐवजी मी ड्युटी चार्ट हातात घेतल्या घेतल्या मे महिन्यातले उरलेले सगळे रविवार त्यांनी सुट्टी म्हणून लिहून घेतले. पुढच्याच रविवारी डॉक्टरसाहेब ओपीडीतून कंबर धरून बाहेर आले, जरा इकडेतिकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आज मावशी का नाहीत? चार्ट कोणी लावलाय हा?"