कलमबहाद्दर

नकाशावर एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, सोटा उगारून उभा आहे. पाथफाइंडर या रोल-प्लेइंग खेळाच्या हिशेबात एक राउंड 6 सेकंदांचा. हा बिचारा मात्र पावणेनऊपासून तसाच ताटकळतोय आणि आता साडेदहा वाजलेत. कारण खेळी आमच्या वकीलसाहेबांची आहे.

वकीलसाहेब पेशाने वकील नाहीत. खेळात ते 9व्या लेव्हलचे जादूगार, आणि त्यांचा जीव दोन मंत्रांवर. 'क्रिएट पिट' हा 2010च्या 'ॲडव्हान्स्ड प्लेयर्स गाइड'मधला. 10 बाय 10 फुटांचा खड्डा पाडतो, फार तर 30 फूट खोल. दुसरा 'वॉल ऑफ स्टोन'. दगडी भिंत. आणि ती उभीच असायला हवी, असं पुस्तकात कुठेही नाही.

"आडवी घातली तर?" साहेब चष्मा कपाळावर सरकवतात. "झाकण!"

इथवर ठीक. पण मुदत संपली की खड्ड्याचा तळ वर येतो आणि आतला प्राणी पुन्हा जमिनीवर उभा राहतो. भिंतीला मात्र मुदतच नाही. मग वर येणारा ओगर आणि न हलणारं झाकण यांचं काय? पुस्तक गप्प. आणि पुस्तक गप्प बसलं की साहेबांना कंठ फुटतो. भिंतीला आधीच्या दगडाचा आधार लागतो, तर फरशी दगडी आहे का? खड्डा दुसऱ्याच मितीतला, मग त्याचा काठ कुठल्या मितीत मोडतो? घटपटादी खटपट चालू राहते, वेफर्स संपतात.

शेवटी खेळ चालवणारा जीएम हात जोडतो. "बरं बाबा, चिरडून मेला ओगर. पुढे चल."

साहेबांचा चेहरा पडतो. "मेला? कुठल्या नियमाने? अजून तो पडलाही नाही. त्याला रिफ्लेक्स सेव्ह, वाचायचा फासा, नको?" आणि ते ओगरचं वकीलपत्र घेतात.

लोक अशांना लबाड समजतात, ते चूक. लबाडाला सोयीचेच नियम आठवतात. साहेबांना सगळे आठवतात, हीच तर पंचाईत आहे.

अखेर ओगरने सेव्ह टाकला, हुकला, पडला. आम्ही हुश्श केलं. जीएम पुढच्याचं नाव घेणार, तोच साहेब म्हणाले, "थांब. मी काठावर उभा आहे. काठ उतरता असतो. तिथे खेळी संपवली तर मलाही सेव्ह."

जीएम हे विसरला होता. आम्हीही आनंदाने विसरलो असतो. साहेबांनी फासा टाकला. आले 4, काठाचे 2 जास्तीचे धरूनही भागेना. थेट 30 फूट खाली, तीन फाशांचा मार, आणि शेजारी भडकलेला ओगर.

साहेब मात्र खुलले होते. पान उलटत म्हणाले, "आता खरा प्रश्न. मी आतूनच झाकण घातलं, तर या खड्ड्याच्या भिंती दगडात धरायच्या का?"