ऊसतोडीला पहिल्यांदाच निघताय?

सर्वांत आधी लग्न करा. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी अर्धा कोयता आणि त्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही अर्धीच. नवरीचं वय विचारणारे फडात येत नाहीत, तेव्हा काळजी नको.

मग उचल घ्या. धारूर असो की पाथर्डी, पावसाळ्यात मुकादम आपणहून दारात येतो. रक्कम त्याच्या वहीत उतरते. तुम्ही वेगळी वही ठेवू नका, कोपीचं छप्पर गळतं.

आता गणित, इथे घाई नको. समजा उचल लाखाची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपयांवर गेला. म्हणजे लाख फिटायला 273 टन ऊस. चांगली जोडी दिवसाला दोनेक टन तोडते. झाले 137 दिवस, एकही सुट्टी न घेता, आणि खाणंपिणं हवेवर. हल्ली काही कारखान्यांची धुराडी शंभर दिवसांतच थंडावतात. मग राहिलेली बाकी कुठे जाते? पुढच्या वर्षाच्या पानावर.

दिनक्रम सोपा. बाईने पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, उजाडायच्या आत दोघांनी फड गाठायचा. तोडा, मोळ्या बांधा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढा. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची. पोरं आजीकडे गावी. आजी नसेल तर बांधावर, झोळीत.

आजारी मात्र पडू नका. खाडा पडला की दंड, आणि पाळीचे दिवसही खाड्यातच धरतात. यावर अनुभवी बायकांनी काय उपाय केला? 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली. 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. ऑपरेशनला पैसे कमी पडले तर मुकादम देतो. वही त्याच्या खिशातच असते.

तक्रार कुणाकडे करायची, हाही घोळ नाही. कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो कारखान्याला विचारा.

राहता राहिले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. दिवसभर तोडून झाल्यावर ते पेंढ्या बांधून गाववाल्यांना जनावरांसाठी विका. पैसे रोख आणि लगेच मिळतात, मीठ-मिरची भागते, शिवाय वहीत चढत नाहीत. एवढा परिच्छेद मुकादमाला वाचून दाखवू नका.