फेरफार-मीमांसा, अर्थात गिट लॉगचं मूळ अंबड तालुक्यात

विद्वानांचा समज असा, की गिट नावाची व्यवस्था लिनस टॉरव्हल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी उभी केली. हा झाला पूर्वपक्ष. उत्तरपक्ष असा, की तिचं अर्धं डोकं आमच्या तलाठी सजात आधीपासून होतं. तिथे फक्त लाइट टिकत नव्हती.

प्रमाणं देतो. संगणकवाले प्रत्येक बदल ‘कमिट’ म्हणून नोंदवतात. आमच्याकडे तो गाव नमुना सहामध्ये ‘फेरफार’ होतो. कमिटची ओळख चाळीस अक्षरी असते, फेरफाराला साधा क्रमांक पुरतो. कमिटवर लिहिणारा आणि दाखल करणारा अशी दोन नावं राहू शकतात; इथेही फेर तलाठी घेतात (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी) आणि मंजूर मंडळ अधिकारी करतात. दाखल झालेली चूक उलटवायची तर तिथे नवा कमिट, इथे नवा फेरफार. एका बाबतीत मात्र गिट कच्चं आहे: त्यात हरकतीची नोटीस नाही. आमच्याकडे भाऊबंदांना पंधरा दिवस मिळतात, आणि भाऊबंद ते वाया घालवत नाहीत.

आता सातबारा. त्यावर प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो: हा माणूस या ओळीत कोणत्या नोंदीने घुसला, ते सांगणारा. गिटमध्ये याच सोयीला ‘ब्लेम’ म्हणतात. आरोपाचा हा सूर सातबाऱ्याच्या छापील मजकुरात नाही. तो वाचणाऱ्याच्या आवाजात असतो. गेलेल्या नावाला पूर्वी कंस करायचे, नव्या नमुन्यात आडवी रेघ मारतात. पुसत नाहीत. मेलेला माणूस वाचता आला पाहिजे, हे महसूल खात्याचं तत्त्वज्ञान मला फार थोर वाटतं.

खरा शास्त्रार्थ गाळणीचा. गिट लॉग ताजी नोंद वर दाखवतो. आमच्या गावात विहिरीतल्या चार आण्यांच्या हिश्शाचं विचारलं, तर सांगणारा पणजोबापासून सुरू करतो. म्हणजे ‘रिव्हर्स’ हा पर्याय जन्मजात. ‘वनलाइन’ची विनंती करून पाहिली. चहा दोनदा झाला. तारखेची गाळणीही इथे सरळ चालत नाही. मराठवाड्यात जमिनीच्या वादाचा पहिला कमिट म्हणजे १९५४-५५चं खासरा पत्रक. त्याच्या मागे जायचं तर निजामाचा फसली सन लागतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती येतो.

शब्दाची गाळणी काय करते, हे आमच्या तालुक्याला शिकवायला नको. २०२३ साली अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकालीन दप्तरांत एकच शब्द शोधू लागली: कुणबी. गिटमध्ये याला ‘ग्रेप’ म्हणतात आणि तो निमिषात होतो. इथे दप्तर उर्दूत नि मोडीत, म्हणून आधी वाचणारी माणसं शोधावी लागली.

पण ग्रेपची एक गोम आहे. लॉगमध्ये तो फक्त शेरा चाळतो, आणि शेरे सगळीकडे सारखेच. पोरं ‘फिक्स’ लिहितात, आमच्याकडे ‘वारस नोंद’. अमुक नाव मजकुरात कधी आलं किंवा कधी गेलं हे हवं असेल, तर ‘एस’ नावाचा वेगळा पर्याय आहे. शेरा काहीही असो, तो बदल नेमका पकडतो. हे मला पुतण्यानं सांगितलं. तो पुण्यात हेच काम करतो. दिवाळीला आला तेव्हा मोसंबीच्या बागेत बसून त्यानं आमच्या गटाचे चौतीस फेरफार लॅपटॉपवर चढवले, एकेक कमिट करून. प्रबंधाला प्रयोगाचं बळ हवं म्हणून मीच आग्रह केला होता.

त्यानं आधी ‘वारस’ शब्द ग्रेप केला. अकरा नोंदी. मग गंमत म्हणून ‘एस’ लावून आक्काचं, म्हणजे आमच्या एकुलत्या बहिणीचं नाव घातलं. दोनच नोंदी निघाल्या: एकीत नाव आलं, दुसरीत गेलं. मध्ये पाच महिने. दुसरीत हक्कसोड, त्या नोंदीनं माझ्या वाट्याला दीड एकर वाढलं, परंतु ते विषयांतर होईल.

“आत्यानं स्वतःहून सोडलं?” पुतण्यानं विचारलं.

दादा मोसंबी सोलत होते. “इतकं जुनं कशाला उकरतो, लेका,” ते म्हणाले. “वरच्या दहाच दाखव.”

तीही सोय गिटमध्ये आहे. लॉगपुढे फक्त आकडा द्यायचा.